घोंगडीची बंडी

मी सैन्यातला निवृत्त हवालदार. सध्या नाशिकहून पेठकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर सुपरवायझर आहे. गेल्या आठवड्यात ठेकेदाराच्या इंजिनिअरने कामगारांसाठी पावसाळी कपडे आणले. सुती टी-शर्ट, पाठीवर कंपनीचं नाव, वरून पातळ प्लास्टिकचा रेनकोट. पेठकडच्या बायका मात्र घोंगड्या घेऊन आल्या होत्या. साहेब म्हणाले, "त्या काढायला सांगा. साइटचा फोटो पाठवायचाय."

माझं डोकं फिरलं. "फोटो तुमचा आहे साहेब, अंग त्यांचं आहे," मी म्हणालो. घोंगड्या राहिल्या. एवढ्याशा गोष्टीवरून म्हातारा का भडकला, हे साहेबांना कळलं नाही. म्हणून लिहितो.

आमची पोस्ट ईशान्येच्या डोंगरात, आठ हजार फुटांवर होती. मी सेक्शन कमांडर, हाताखाली नऊ जवान. त्यांतला सिपाही काशिनाथ भोये पेठ तालुक्यातला. मी सटाण्याचा. आमच्याकडे पाऊस पाहुणा, त्याच्याकडे घरजावई. ओल्यात काय घालावं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. आईने घोंगडी कापून शिवलेली बंडी तो वर्दीच्या आत घालायचा. तिला मेंढराचा वास यायचा. आम्ही त्याला मेंढपाळ म्हणून चिडवायचो. तो हसायचा.

"उस्ताद, सुती कापड भिजलं का आंगातली ऊब वढून घेतं. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाय."

त्या दिवशी ०७०० वाजता इन्स्पेक्शन होतं. ऑर्डर होती की टर्नआउट, म्हणजे सगळ्यांचा पोशाख, एकसारखा हवा, खासगी कपडा दिसता कामा नये. भोयेच्या कॉलरमधून काळी लोकर डोकावत होती.

"काढ ती."

"उस्ताद, पाऊस लय हाय."

"ऑर्डर आहे."

त्याने बंडी काढली, घडी करून उशीखाली ठेवली. कडक इस्त्रीच्या सुती वर्दीत आम्ही रांगेत उभे राहिलो. पाहणीला आलेल्या साहेबांनी शाबासकी दिली. मी मूर्खासारखी छाती फुगवली.

०८१० ला मेसेज आला. दरड कोसळून खालच्या चौकीची वाट बंद झाली होती. आम्ही ताबडतोब निघायचं होतं.

"उस्ताद, दोन मिनटं. बंडी घालून येतो."

"वेळ नाही. फॉल इन."

वेळ होता. दोन मिनिटं कुठल्या सेक्शनकडे नसतात?

दोन तास चाललो. रेनकोटच्या आत घामाने भिजलो, वाऱ्याने तो फाटल्यावर पावसाने. मग ओल्या कपड्यांत दरड उपसायला लागलो. १२३० च्या सुमारास कुडकुडणाऱ्या भोयेची थरथर थांबली. मला वाटलं, कामाने अंग तापलं असेल. मग त्याने फावडं खाली ठेवलं आणि शर्टाची बटणं काढू लागला. "गरम होतंय, उस्ताद," म्हणाला. शब्द अडखळत होते. गारठा फार आत शिरला की माणसाला असं उलटं वाटतं, हे मला नंतर कळलं. आम्ही त्याला ताडपत्रीखाली घेतलं. दोघं त्याला बिलगून बसले. पण तेही ओलेच होते. मी वायरलेस उचलला.

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"गोली लगी क्या? ओव्हर."

"नहीं. ठंड. ओव्हर."



"फिर से बोलो. ओव्हर."

मी पुन्हा बोललो. १३४० ला भोये गेला. वय तेवीस.

रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं, खराब हवामान. ते आठवलं की आजही संताप येतो. पाऊस त्याच्या ओळखीचा होता, तो पावसातच वाढला होता. त्याचा जीव घेतला तो रांग एकसारखी दिसावी या हौसेने. आणि ती हौस त्याच्यापर्यंत पोचवणारं तोंड माझं होतं.

त्याची ट्रंक घेऊन मी पेठच्या त्याच्या पाड्यावर गेलो. आईने झाकण उघडलं. बंडी वरच होती. तिने ती हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, बराच वेळ मांडीवर धरून बसली.

"दादा, ही तर पेटीत हाय," ती म्हणाली. "मंग त्या दिशी माझ्या पोराच्या आंगात काय होतं?"

"वर्दी," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि मला चहा दिला. तो मी प्यायलो. पुढे दोन वर्षांनी ती वारली. तेव्हा जे बोललो नाही, ते आता लिहितो. आई, बंडी त्याने आपणहून काढली नव्हती. मी काढायला लावली.