दांडीवरचा दुपट्टा

हेमराजभाऊंनी मला गोंदियाजवळच्या गोरेगावात उभं केलं, हे आधी सांगतो. पुढचं मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि ती तर तिकडून, आमच्या जतकडच्या गावातून, रोज फोनवर सगळं विचारते.

मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. धान कापायच्या मशीनबरोबर इकडे आलो. मशीन परत गेली, मी राहिलो. ओळखीचं कोण होतं? बाजाराजवळ हेमराजभाऊंचं वेल्डिंगचं दुकान, तेवढंच. त्यांनी माझ्या आताच्या मालकांकडे, गाड्या बाळगणाऱ्या एका शेतकऱ्याकडे, शब्द टाकला — दूरचा आहे, पण माझ्या भरोशावर ठेवा. म्हणून मी आज मालकांचा जुना टेम्पो चालवतो.

रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत त्या टेम्पोच्या वायपरची दांडी तुटली. एवढ्या जुन्या गाडीची दांडी मिळणार कुठे? हेमराजभाऊंनी दोन्ही टोकं घासली, गॅसवर पितळेनं जोडली, कानस मारली, काचेवर पाणी टाकून चालवून पाहिली. मग म्हणाले, "हे पानी पुसाले हाय बे, कपडे वाळवाले नाही."

त्यांना माहीत होतं. बांधावर गाडी उभी केली की आम्ही ड्रायव्हर लोक दांडी उचलतो आणि खांद्यावरचा ओला दुपट्टा, म्हणजे आमचा पंचा, तिच्यावर वाळत टाकतो.

तिसऱ्याच दिवशी मी टाकला. रुतलेलं चाक काढताना दुपट्टा चिखलानं भरला होता. धुतला, पिळला — आणि टाकला. सवयीनं? नाही. त्यांचं बोलणं तेव्हा आठवलं होतं मला. एवढ्यानं काय होतंय, असं वाटलं. वारा आला, दुपट्टा फुगला, दांडी जोडावरच मोडली.

बोदलकशाहून येताना पाऊस लागला. मागे रोवण्याच्या बाया बसलेल्या. त्यांच्यातल्या एकीकडे तंबाखू मागितली आणि काचेवर घासली, म्हणजे थेंब साचत नाहीत, पाणी ओघळून जातं; तेवढ्यावर हळूहळू आलो. मालक दारातच उभे होते. "काऊन रे, परवाच त बनवली होती?"

मी म्हणालो, "जोड कच्चा होता."

झालं — एवढंच बोललो. नोकरी जाईल ही भीती होती. पण दुपट्टा माझा होता, आणि खोटंही माझंच.

बाजाराच्या दिवशी मालक मोडकी दांडी घेऊन दुकानात गेले आणि चार शेतकऱ्यांसमोर हेमराजभाऊंना नको नको ते बोलले. मी गाडीतच बसून होतो. उतरलो का नाही? पाय होते की. हेमराजभाऊंनी दांडी उलटीपालटी करून पाहिली. जोडाच्या खाचेत लाल सूत अडकलं होतं — माझ्या दुपट्ट्याचं. ते त्यांनी नखानं काढलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मालकांना म्हणाले, "असन मालक. माह्याच हातचं असन."

मालकांनी सगळ्या गाड्या गोंदियाला न्यायला सुरुवात केली. त्या चौघांपैकी दोघांनीही. दुकानासमोर आता ट्रॅक्टर कमी दिसतात. हेमराजभाऊ मात्र मला पाहिलं की विचारतात, जेवला का बे? मी हो म्हणतो.

आधी त्यांना सांगीन. मग बाजाराच्याच दिवशी, मालक आणि चार लोक उभे असताना, त्यांच्या दुकानासमोर मोठ्यानं बोलीन. अजून धीर झालेला नाही. पण हेमराजभाऊंचं नाव मी घालवलंय, ते मीच एक दिवस परत आणून देणार.