बिनपगारी जहाज

ठोक्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. चहा घेऊन तो भोंग्याआधी गोदीत हजर. आम्ही दोघं एकाच फळीवर बसायचो. फळी दोरांनी जहाजाच्या कुशीला टांगलेली. हातोडीने गंज पाडायचा, ब्रशने घासायचं, मागून रंगारी येणार. काम मनगटाचं आहे. खांद्याने मारणारा जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपतो. ठोक्या संध्याकाळीही सकाळसारखाच ठोकायचा, म्हणून हे नाव.

बायको गेल्यावर त्याला मुलगी तेवढी उरली. तिच्या हातात हातोडी येऊ नये, एवढ्यासाठी तो ठोकत होता. तिच्या पुढच्या शिक्षणासाठी मजुरीतून पैसे बाजूला टाकायचा.

मग दुरुस्तीला ते पांढरं जहाज आलं. ख्रिस्ती मिशनचं. बंदरामागून बंदर फिरायचं, पुस्तकं विकायची, आजाऱ्यांना तपासायचं, येशूबद्दल सांगायचं. आमच्या डोक्यावर, डेकच्या कठड्याशी एक लांबकेश्या परदेशी गंज काढत होता. खांद्याने.

"पगार किती रे?" ठोक्याने वर बघून विचारलं.

"पगार नाही," तो मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला. "कोणालाच नाही. कॅप्टनलाही नाही."

ठोक्या माझ्याकडे वळला. "फसवलंय रे बिचाऱ्यांना. सगळ्यांना एकदम!"

"मग आपलं काय?" मी म्हणालो.

आम्ही धावत मुकादमाकडे गेलो. तो म्हणाला, "तुम्हाला मिळणार आहे ना? मग त्यांची काळजी तुम्ही का करताय?"

रविवारी जहाज लोकांना बघायला खुलं होतं. ठोक्याची मुलगी चर्चमध्ये गायची, तिथल्या बायकांबरोबर तीही गेली. परत आली ती ठरवूनच. "बाबा, मला त्या जहाजावर जायचंय. दोन वर्षं."

दुसऱ्या दिवशी ठोक्या मला घेऊन जहाजाच्या ऑफिसात गेला. तिथल्या बाईंनी समजावलं: प्रत्येकाचा राहण्याजेवण्याचा खर्च घरचे किंवा त्यांचं चर्च भरतं.

"म्हणजे काम पोरीने करायचं आणि मजुरी मी भरायची?"

बाई हसल्या. "साधारण तसंच."

"आणि काम काय?"

"सुरुवातीला डेकवर. गंज काढणं, रंग देणं."

ठोक्या बराच वेळ दाराची बिजागरी बघत राहिला. तीही गंजलेली होती.

घरी तो मुलीवर ओरडला. "फुकट राबायचं कुणासाठी?"

"तुम्ही चारला उठता ते कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मी देते का पगार?"

"ते वेगळं आहे!"

"कसं वेगळं?"

सकाळी फळीवर त्याने मला तोच प्रश्न केला. "कसं वेगळं रे?" त्या दिवशी ठोक्या खांद्याने मारत होता.

ती जायला निघेपर्यंत तो रोज संध्याकाळी पातेलं उपडं घालून त्यावर हातोडीने तिला मनगट शिकवायचा. शेजारचे भिंतीवर थापा मारून कंटाळले. "खांदा सोड! खांदा सोड म्हटलं ना!" एवढंच ऐकू यायचं. तिच्या जाण्याला त्याचा होकार आहे की नकार, हे त्याने तिला कधी सांगितलंच नाही. मलाही नाही.

चर्चने थोडा भार उचलला. बाकी ठोक्याच्या मजुरीतून तिचं दोन वर्षांचं जेवण आलं, जहाजावरचा बिछाना आला, आणि पोलादी टोकाचे बूट. बूट त्याने स्वतः निवडले. ते घालून तिला दुकानात दहादा चालायला लावलं.