तळ्याकाठचं उकळलेलं पाणी

साठ साल अजून उजाडायचं होतं. चामराजपेटेहून आम्ही घरचे आनेकलच्या तळ्याकाठी सहलीला गेलो होतो. तळ्याचं पाणी उकळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही, असं अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, बजावलं होतं. मी नुसती ओंजळ भरली, तर फटकाच दिला! तीन दगडांच्या चुलीवर, धुरानं डोळे चोळत तिनं पातेलंभर पाणी खळाखळा उकळलं. पण ते काही निवेना. मग तिनं तळ्यात तांब्या बुडवला आणि आंघोळीच्या पाण्यात घालतात तसं त्या पातेल्यात गार विसण ओतलं.

मी थिजलोच. "अगं, काय केलंस हे!"

"स्वल्पच घातलंय."

वडिलांनी पेला घटाघटा रिकामा केला आणि म्हणाले, "हं, आता कसं पिण्याजोगं झालं!"