उंच टोप्यांची पलटण

शाळेच्या गणवेशांपासून बँडवाल्यांच्या कोटांपर्यंत सारे काही शिवणारा तो शिंपी बोलण्यात सौम्य होता. पण बटणांच्या बाबतीत मात्र कुणाची भीड ठेवत नसे. दुकानाच्या वरच्या खोलीत, कापड बेतायच्या लांब टेबलावर, दर शनिवारी दुपारी तो आणि इतिहासाचे निवृत्त मास्तर अडीचशे वर्षांपूर्वीचे एक युद्ध खेळत. सैनिक धातूचे, बोटाच्या पेराएवढे, एकेक पलटण एकेका फळीवर चिकटवलेली. फासे टाकायचे, मोजपट्टीने अंतर मोजायचे आणि पलटणी पुढे सरकवायच्या. शिंप्याने आपले सैन्य बारा वर्षांत, निवडून निवडून जमवले होते. बाहीला दोनऐवजी तीन बटणे दिसली म्हणून चाळीस घोडेस्वार त्याने आल्या पावली परत पाठवले, ही हकिगत मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. खेळाचे नियम बरेच होते, पण एक सर्वांत कडक होता. दुसऱ्याच्या सैनिकाला बोट लावायचे नाही, रंग उडतो.

गेल्या काही महिन्यांत मास्तरांची नजर फार उतरली. आहे तेवढी जपा, गेलेली परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते, आणि मास्तरांनी ते शिंप्याला हवापाण्याच्या गप्पांत सांगून टाकले. पण एका शनिवारी त्यांनी शिंप्याची निळी पलटण आपलीच समजून उचलली आणि पुढे ठेवली. शिंपी काही बोलला नाही. पाहिलेच नाही असे त्याने दाखवले. मास्तरांच्या ते लक्षात आले. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. टेबल आता कापडालाच राहू दे, आणि माझे सैन्य तुझ्या कपाटात जागा अडवून बसले आहे ते कुणा हौशी माणसाला देऊन टाक, असा निरोप त्यांनी शिंप्याच्या मुलीजवळ पाठवला.

शिंप्याने कुणाला काही दिले नाही. त्याने नमुन्याचे सैनिक मागवले आणि दुकानात बसून, डोळे मिटून, एकेक चाचपू लागला.

"बाबा, गिऱ्हाईक ताटकळतंय आणि तुम्ही डोळे मिटून शिपाई कुरवाळताय," मुलगी म्हणाली. "निदान दार तरी लोटून घ्या."

मोठ्या मापाचे सैनिक बोटांना चटकन कळत. पण त्यांना टेबल पुरले नसते, आणि मास्तरांच्या माणसांशेजारी ते राक्षस दिसले असते. भालेवाल्यांचे भाले टोचत आणि लगेच वाकतही. टोपीवरचे तुरे तर हात लागताच मोडले. शेवटी उरले ते उभ्या डब्यासारखी उंच टोपी घातलेले शिपाई. मास्तरांच्या सैनिकांच्या डोक्यावर तीन कोपऱ्यांची बसकी टोपी होती. तिच्याशेजारी ही टोपी आंधळ्यालाही वेगळी कळली असती. अडचण एकच होती. अशा टोप्या सैन्यात आल्या त्या या युद्धानंतर पन्नासेक वर्षांनी.

दोन दिवस शिंप्याने तो नमुना खिशात बाळगला. पांढऱ्या सदऱ्याला काळ्या दोऱ्याने टाके घालावेत, तसे त्याला वाटत होते. तिसऱ्या दिवशी त्याने अख्ख्या सैन्याची मागणी नोंदवली. बारा वर्षांचे जुने सैन्य मऊ अस्तराच्या चिंध्यांत गुंडाळून बटणांच्या खोक्यात ठेवले. नवे रंगवायला महिना गेला. रंग बोटांनी उडू नये म्हणून वरून व्हार्निशचे तीन हात दिले.

मग त्याने मास्तरांना उलट निरोप धाडला, की सैन्य द्यायचेच असेल तर स्वतः येऊन द्या. मास्तर शिंप्याच्या मुलीचा हात धरून जिना चढून आले आणि नेहमीच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून बसले.

"मला सगळं करडं दिसतं रे," ते म्हणाले. "तुझा खेळ कशाला नासवू?"

"हात लावा," शिंपी म्हणाला.

"तुझ्या माणसांना?"

"नियम बदललाय. लावा."

मास्तरांचा हात हलला नाही. तेव्हा माप घेताना उचलावा तसा शिंप्याने तो हलकेच उचलला आणि आपल्या पलटणीवर ठेवला. मास्तरांची बोटे एका टोपीवरून दुसरीवर गेली, परतली, आणि थांबली. उत्तरपत्रिकेत चूक सापडल्यावर दिसावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"या टोप्या पन्नास वर्षं आधी आल्यात."

"थंडी फार होती. लवकर शिवून दिल्या."

मास्तरांनी आपल्या बसक्या टोप्या चाचपल्या, पुन्हा उंच टोप्यांवरून हात फिरवला, आणि बराच वेळ तो तिथेच राहू दिला.

"आणि बटणं?"

"ती बरोबर आहेत."

"मग बस."

फासे पडले. आकडे शिंपी वाचून दाखवत होता. तिसऱ्या डावाला मास्तरांनी हात लांबवला, उंच टोप्यांची एक पलटण सावकाश उचलली आणि आपल्या बाजूने पुढे ठेवली. मुलीने वडिलांकडे पाहिले. शिंप्याने घसा साफ केला.

"मास्तर, ती माझी आहे."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले आणि पलटण जागच्या जागी नेऊन ठेवली. "म्हटलं, या वेळी बोलतोस का बघावं."