एकसष्ट ओळींचा मेल

फेब्रुवारीचा दुसरा रविवार, सकाळचे अकरा. जागा: मनोरी, विल्फ्रेडच्या घराची मागची पडवी. हजर: विल्फ्रेडची बायको फ्लाविया, मुलगी रीटा, आमच्या ऑफिसातला जुना सहकारी परब आणि मी. चार माणसं जमली की मी वहीत हजेरी लिहिते, सवयच आहे. त्या दिवशी ‘गैरहजर’पुढे हात आपोआप विल्फ्रेडचं नाव लिहायला गेला. मग ती ओळ मी तशीच मोकळी सोडली.

नाताळानंतरच्या आठवड्यात रीटाचा फोन आला होता. “आंटी, पप्पा…” एवढं म्हणून ती थांबली, आणि मी लगेच विचारलं, “कुठल्या हॉस्पिटलात आहेत? कोण आहे जवळ? मी निघते.” ती म्हणाली, “हॉस्पिटलात नाही आंटी. गेले. सकाळी बोटीवर चढताना.” तिचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही, हे मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं. कारण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं ही तर विल्फ्रेडची खासियत. सतरा वर्षं आम्ही अंधेरीत मरोळच्या एका गाळ्यातल्या छोट्या कंपनीत शेजारी बसलो. मी कामांच्या याद्या करायची, तो प्रोग्रॅम लिहायचा. मी कुणाचं बोलणं मधेच तोडलं की तो मान वर न करता म्हणायचा, “ए सुनीता, त्याचं यायचं आहे अजून. थांब ना जरा.”

हे त्याचं वाक्य कामातून आलेलं होतं. एका सरकारी कार्यालयासाठी आम्ही तक्रारींचे मेल आपोआप वाचून नोंदवणारी व्यवस्था बनवत होतो. ई-मेलची वाट मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेली. तिच्यातून मराठी मजकूर पाठवायचा तर तो इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांच्यात गुंडाळून पाठवतात आणि पलीकडे उलगडतात. उलगडेपर्यंत दिसतो तो निव्वळ कचरा. शिवाय मेल एकदम हातात येत नाही, नळाच्या धारेसारखा तुकड्यातुकड्यानं येत राहतो. मी तीस मेल तपासले, सगळे इंग्रजीतले, सगळे बरोबर. यादीत ‘उलगडणी’पुढे टिक केली. साहेबांसमोर दाखवायच्या दिवशी पहिलाच मेल मराठी निघाला, आणि दर थोड्या अंतरावर एक अक्षर फुटून त्याजागी काळा चौकोन. साहेबांनी विचारलं, “हे काय, तक्रारदाराला उंदरांनी खाल्लंय का?” बाहेर आल्यावर मी विल्फ्रेडवर चिडले. तो म्हणाला, “टिक तू केलीस. मी केली नव्हती.” खरंच होतं ते.

चूक कुठे होती ते त्यानं मला वडापाव खाता खाता सांगितलं. मराठीचं एक अक्षर म्हणजे तीन तुकडे. धारेतून येणाऱ्या डेटाचा घास कधी दोन तुकड्यांवरच संपतो. आमचा प्रोग्रॅम त्या अपुऱ्या अक्षराला ‘झालं’ समजून पुढे जात होता. विल्फ्रेडनं तो भाग पुन्हा लिहिला. जेवढं आलं तेवढंच उलगडायचं, अपुरं असेल ते टाकायचं नाही, पुढचा घास येईपर्यंत हातात धरून ठेवायचं. जेमतेम चाळीस ओळींचा प्रोग्रॅम असेल. त्यानंतर कंपनीनं तीनदा नाव बदललं, आम्ही सगळे विखुरलो, पण त्या चाळीस ओळींना कुणाला पुन्हा हात लावावा लागला नाही. माझ्या लॅपटॉपवर ते अजून आहे.

आणि म्हणूनच फ्लावियानं आम्हाला त्या रविवारी बोलावलं होतं. भुजिंग आणि भाकरी समोर ठेवून ती रेशनकार्डाचं प्लॅस्टिकचं पाकीट घेऊन आली आणि त्यातून दोन कागद काढले. घडीवर पिवळे पडलेले, आणि दोन्हींवर गच्च इंग्रजी अक्षरं नि आकडे. एकही शब्द नाही. “बघ,” ती म्हणाली, “हाच तो कचरा.”

त्या कचऱ्याची गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ होती, कारण नवराबायकोचं ते ठरलेलं भांडण होतं. वीसेक वर्षांपूर्वी विल्फ्रेड मस्कतला नोकरीला होता, फ्लावियाशी लग्न ठरलेलं होतं, आणि त्याचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढला. हिनं मालाडच्या सायबर कॅफेतून त्याला लिहिलं: येतोस की मी दुसरं बघू, सरळ सांग. महिन्याभरानं तो परत आला. पण त्याच महिन्यात तिथल्या कंपनीनं ते कामच बंद करून सगळ्यांना परत पाठवलं होतं. झालं. “कंपनीनं हाकलला म्हणून आलास,” असं फ्लाविया आयुष्यभर म्हणत राहिली. तो म्हणायचा, “आधीच लिहिलं होतं तुला, मराठीत, मोठा मेल.” ती म्हणायची, “मला कचरा आला.” कॅफेवाल्यानं तर व्हायरस आहे म्हणून सांगितलं होतं. दोघं वापरत ती मेल सेवाच पुढे बंद पडली आणि दोघांकडच्याही प्रती गेल्या. आम्ही हसायचो. पण फ्लाविया हे म्हणताना पूर्ण हसत नसे, हे मी पाहिलेलं होतं.

तिनं तो कचरा छापून घेतला होता आणि जपला होता, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. परब हातातली भाकरी खाली ठेवून म्हणाला, “वहिनी, कागद हंय होतो आणि विलीक ठाऊक नाय? त्याने दोन मिनिटांत वाचून दाखवला असता.”

“म्हणून तर नाही दाखवला,” फ्लाविया म्हणाली. “सुरुवातीला राग होता. मग रीटा पोटात होती. त्यात ‘येत नाही’ असं निघालं असतं तर? माणूस घरात जेवतोय, झोपतोय, कशाला उघडायचं?” कागदाची घडी सरळ करत म्हणाली, “आता तो नाही. आता मला कळलं पाहिजे. तो स्वतःहून आला की नाही.”

रीटानं कागदाचा फोटो काढून मोबाइलकडून अक्षरं वाचून घेतली. मी ती विल्फ्रेडच्या प्रोग्रॅमला दिली. ‘फ्लाविया, तू’ एवढं नीट आलं आणि पुढे नुसते चौकोन. या गुंडाळणीत एक अक्षर जरी गळलं तरी पुढचं सगळं सरकतं, आणि मोबाइल पुसट छपाईतली काही अक्षरं गाळत होता, शिवाय एकचा आकडा, छोटा एल आणि मोठा आय यांतला फरकही त्याला कळत नव्हता. फ्लाविया पडद्याकडे बघत म्हणाली, “कॅफेत असंच वाटलं होतं मला… कुणीतरी थट्टा करतंय.”

मी हिशेब मांडला. ओळी एकसष्ट, प्रत्येकीत शहात्तर अक्षरं. हातानं घालायच्या, दोघींनी दोनदा तपासायच्या, दुपारी तीनपर्यंत काम संपेल. मी बाही सारून बसलेसुद्धा. फ्लावियानं कागद माझ्या हातातून काढून घेतले. “तू नको. तुझा हात फार जोरात चालतो. मला आलेला आहे ना मेल? मी घालते. रोज एक ओळ.” परब म्हणाला, “ताई, गप ऱ्हवा आता.” मी वहीत लिहिलं: ओळी, फ्लाविया, रोज एक.

तेव्हापासून संध्याकाळची घंटा होऊन आंजेलुसची प्रार्थना झाली की ती भिंग घेऊन बसते आणि मला व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवते. आधीच्या सगळ्या ओळींच्या खाली ती घालून मी प्रोग्रॅम चालवते आणि निघालेले तीन-चार शब्द तिला परत पाठवते. ओळ बहुधा अक्षराच्या मधेच तुटते. प्रोग्रॅम ते अक्षर दाखवत नाही, धरून ठेवतो. पहिले काही दिवस मी सांगत होते, बहुतेक पुढे अमुक शब्द असेल. तिनं उत्तर पाठवलं, “तू नको ओळखूस. तो सांगेल.”

पहिल्या दहा ओळी तिकडचा उकाडा, खोलीतला केरळचा सोबती आणि सुकटीची आठवण यांत गेल्या. बाराव्या दिवशी निघालं, ‘साहेबाला आज राजी’. तेराव्या दिवशी, ‘नामा दिला. ते म्हणाले वेड’. चौदाव्या दिवशी, ‘ लागलंय का. मी म्हटलं हो’. कागदाच्या माथ्यावर तारीख साध्या आकड्यांत छापलेली आहे, कंपनी बंद पडण्याच्या अठरा दिवस आधीची. मी फोन केला. या वेळी मी तिला आधी बोलू दिलं. मग ती म्हणाली, “वीस वर्षं त्याला बोलले गं मी. आणि तो नुसता हसायचा.” मी म्हटलं, “तुला जे पाहिजे होतं ते कळलं. आता हवं तर मी उरलेलं आज पुरं करते.” ती म्हणाली, “पुरं करून काय करू? त्यानंतर काय वाचू?”

आता ती रोज पाठवत नाही. रविवारी दोन ओळी, आणि मासळी साफ करायची असली तर एकच. आज तेवीस झाल्या आहेत. दोन्ही पानांचा स्वच्छ फोटो माझ्या फोनमध्ये आहे, एका दुपारचं काम. माझ्या वहीत ते रोज नव्या पानावर उतरतं: ओळी चोवीस ते एकसष्ट, बाकी.