एकटीला उचलवेल असं मशीन

आमच्या कर्जतजवळच्या भिसेगावच्या घरात टॉर्च नव्हता, कंदील नव्हता, मेणबत्तीसुद्धा नव्हती. आबा, म्हणजे माझे वडील, खोपोलीच्या पॉवरहाऊसमध्ये नोकरीला होते आणि वीज बनवणाऱ्याच्या घरात कंदील ठेवणं त्यांना स्वतःच्या कामाचा अपमान वाटायचा. तिथली वीज डोंगराखालून मोठ्या तारांवरून मुंबईला जायची, आमच्याकडे यायची ती दुसरीकडची, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी लाइट गेली की आळीतली माणसं आमच्या दारात येऊन विचारायची, कधी येणार म्हणून. आणि आबाही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून गंभीरपणे वेळ सांगायचे. तोवर आम्ही अंधारात बसून राहायचो. त्याबद्दल चकार शब्द काढायची घरात कुणाची टाप नव्हती.

अशा घरात बसून, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, मला एक छोटा कॉम्प्युटर निवडायचा होता.

मी मुंबईला एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅम लिहायचे. कारखान्यांचे पगार, गोदामातला माल, असली कामं. राहायला होस्टेल होतं, रविवारी घरी यायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आबा निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मी एकुलती एक. रजा टाकून आले, रजा वाढवली, पुन्हा वाढवली, आणि मग साहेबांनी बोलावून घेतलं. माणूस चांगला होता, म्हणून स्पष्ट बोलला. काम वेळेवर हातात पडलं तर मी कुठं बसून करते ते त्याला बघायचं नव्हतं. दर गुरुवारी ऑफिसला यायचं, काम द्यायचं, नवीन घेऊन जायचं. त्यासाठी उचलून नेता येईल असं एक मशीन कंपनी घेऊन देणार होती. ते मी निवडायचं, पण निवड चुकली आणि घरून काम जमलं नाही, तर दुसरं मिळणार नव्हतं आणि नोकरीही राहणार नव्हती. दुकानदार दोन मशिनं एकेक आठवडा वापरायला द्यायला तयार झाला.

पहिलं आलं ते शिवणयंत्राच्या पेटीएवढं होतं. वर मूठ लावलेली होती, एवढ्यावरून त्याला पोर्टेबल म्हणायचे. उद्या गोदरेजच्या कपाटाला कुणी मूठ लावली तर तेही पोर्टेबल होईल. मुंबईत ते शिपायाने टॅक्सीत चढवून दिलं, कर्जतला हमालाने डोक्यावरून घरापर्यंत आणलं, आणि मी त्याच्यामागून रिकाम्या हातांनी वरातीत चालल्यासारखी चालत आले. पण एकदा टेबलावर बसवून सुरू केलं, की काय सुंदर मशीन होतं ते! पिवळी ठसठशीत अक्षरं. आत हार्डडिस्क, त्यामुळे सगळं काम पोटात ठेवायची सोय. ऑफिसात चालायच्या त्याच मोठ्या फ्लॉप्या यातही चालायच्या. बॅटरी मात्र नव्हती, प्लगला जोडलं तरच चालणार.

आबा खूश झाले. आजारानंतर प्रथमच त्यांनी स्वतःहून काहीतरी विचारलं, आणि ते म्हणजे हे किती वॅट खातं. भिंतीवरचा बोर्ड त्यांनी स्वतः बसवलेला होता, अर्थिंग स्वतः केलेलं होतं. मशीन चालू असलं की ते खुर्चीत बसून त्याच्या पंख्याचा आवाज ऐकत राहायचे.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी लाइट गेली. पगाराच्या हिशोबाचा एक किचकट तुकडा मी सकाळपासून लिहीत होते, तो साठवायचा राहिला होता. पडदा काळा झाला आणि सगळं पाण्यात गेलं. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिने पहिल्या दिवशीच विचार केला असता की कर्जतमध्ये प्लगवरचं मशीन घ्यावं का. पण मी पॉवरहाऊसवाल्याची मुलगी. आमच्या घरात लाइट जाते हे आम्ही कधी हिशोबात धरलंच नव्हतं. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.  आबांनी घड्याळाकडेही पाहिलं नाही.

दुसऱ्या आठवड्यातलं मशीन मांडीवर मावायचं. झाकण उघडलं की झाकणातच पडदा. बॅटरीवर दोनेक तास चालायचं. बाकी सगळा आनंद होता. करड्या पडद्यावर इतकी फिकी अक्षरं, की ती दिसावीत म्हणून मला पडवीत, दाराकडे तिरकं तोंड करून बसावं लागायचं. येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. हार्डडिस्क नाही, दोन लहान फ्लॉप्यांवर सगळा संसार. प्रोग्रॅम तयार करायचा म्हणजे एक फ्लॉपी काढा, दुसरी घाला, आणि मग ते खरखरत बसायचं. तेवढ्या वेळात मी आबांचा उजवा हात मांडीवर घेऊन एकेक बोट उघड-मीट करायचे. डॉक्टरांनी सांगितलेला तो व्यायाम आधी माझ्याकडून रोज चुकायचा. त्या आठवड्यात एकदाही चुकला नाही, त्याचं श्रेय त्या मशीनच्या मंदपणाला.

तरी माझं ठरलं होतं. बुधवारी संध्याकाळी चहा पिताना मी आबांना सांगितलं की मोठंच घेणार. दर दहा मिनिटांनी काम साठवायची सवय लावून घेईन. खिडकीजवळचा कोपरा रिकामा करू, तिथं पक्कं टेबल करून घेऊ, एकदा बसवलं की पुन्हा हलवायला नको. मशीन काय रोज उचलायचंय? गुरुवारी फक्त फ्लॉपी घेऊन जायची.

आबांनी दोन्ही मशिनं पुढ्यात आणायला सांगितली. मोठं अजून परत गेलेलं नव्हतं, दोन्ही बरोबरच जायची होती. मी ते कसंबसं ओढत त्यांच्या खुर्चीपाशी आणलं. त्यांनी डावा हात मुठीत घालून उचलून पाहिलं, ते जागचं हललं नाही. मग लहान उचललं. ते त्यांच्या मांडीवर आलं. आजारानंतर त्यांचे शब्द जरा जड यायचे, पण त्या दिवशी एकेक नीट आला.

"ह्ये घे."

मला वाटलं, लाइट गेली ते त्यांच्या मनाला लागलंय. मी समजावू लागले. पडद्याचं सांगितलं, फ्लॉप्यांचं सांगितलं, ऑफिसातल्या मोठ्या मशीनमध्ये काम उतरवायला दर वेळी वायर जोडून बसावं लागेल तेही सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"बॅटरीचं नाय गं बाय मी बोलत," ते म्हणाले. "त्ये जड घेशील, कोपऱ्यात बसवशील, आनि त्याच्यासंगट तू पन बसशील. घरात बसलेला मी हाय तेवढा पुरे."

माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला. मी चिडून विचारलं, मग मी जाऊ का मुंबईला? तुम्हाला कोण उठवणार, कोण जेवू घालणार?

"जा म्हनत नाय. ऱ्हा. पन तुझी वस्तू तुला एकटीला उचलता आली पायजे. मी असलो काय, नसलो काय."

मी कप उचलले आणि आत गेले. खरं सांगायचं तर मला तिथं उभं राहवेना. गेले काही महिने मी याबद्दल कुणाशी एक अक्षर बोलले नव्हते, पण होस्टेलची खोली सोडली तेव्हाच मनाने मुंबईला कुलूप लावलं होतं. पुढचं सगळं आयुष्य याच पडवीत, हे मी ठरवून टाकलं होतं, आणि ते पुन्हा मोडावंसं वाटू नये म्हणून हलवता न येणारं काहीतरी घरात आणून ठेवायची घाई झाली होती मला. हे माझं मलाच नीट कळलं नव्हतं. खुर्चीतून न उठणाऱ्या माणसाला ते कधीच दिसलं होतं. मोरीत कप विसळताना मला खूप रडू आलं, आणि त्यात दुःखापेक्षा सुटल्याची भावना जास्त होती.

बाहेर आले तेव्हा आबांच्या मांडीवर ते लहान मशीन तसंच होतं. मी म्हटलं, बरं, हेच घेते. त्यांनी मान हलवली. मी मशीन उचलायला वाकले तर त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"बाय, एक कर. जायचं ठरलं, की मला आदी सांग. सकाळी उठून कळायला नको."

मी हो म्हटलं.

ते मशीन मी पुढची काही वर्षं वापरलं. पडवीत, खोपोलीच्या कारखान्यांत, गाडीतसुद्धा. त्या फिक्या पडद्यामुळे चष्मा लागला, पण नोकरी राहिली. आबांना सांगायची वेळ मात्र माझ्यावर आली नाही. न सांगता गेले ते आबाच, एका मंगळवारी सकाळी, मशीन खरखरत होतं आणि त्यांचा हात माझ्या मांडीवर होता तेव्हा.