दाबवाले तात्या

डिझेलची गळती तात्या कधी हातानं शोधत नसत. त्यांच्या शर्टाच्या खिशात पुठ्ठ्याचा तुकडा असायचा. इंजिन चालू ठेवून तो ते नळ्यांवरून सावकाश फिरवत आणि ओला ठिपका उमटला की म्हणत, "हितं हाय बघा." मध्ये कुणी बोट घातलं की त्याच पुठ्ठ्याचा फटका बसे, मग तो ड्रायव्हर असो की सोसायटीचा चेअरमन. "नळीतलं डिझेल सुईवानी घुसतंय," ते म्हणायचे. "दिसत बी न्हाय."

भूमच्या बाजाराजवळ पत्र्याच्या शेडमध्ये ते डिझेल पंपाची कामं करत. मी दूध सोसायटीचा टँकर चालवायचो, त्यामुळे आमची रोजची गाठ. दाब हा शब्द त्यांच्या तोंडी कायम, म्हणून सगळे त्यांना दाबवाले तात्या म्हणत. "कमी पडला तर चढाला गुदमरतंय, जास्त झाला तर काळा धूर वकतंय." माझी बायको रुसून माहेरी गेली तेव्हाही त्यांनी मला तेच ऐकवलं. "ड्रायव्हर, दाब जरा कमी करा. आन् आणायला जाताना पेढे न्या."

मग ऐंशीनंतरचा तो दुष्काळ आला. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं आणि आमचा टँकर धुऊन पाण्याला लागला. भरल्या टाकीनं चढ चढता चढता जुनं इंजिन जाम झालं. सोसायटीनं बोअर पाडणाऱ्या एका मोडक्या गाडीचं टर्बो इंजिन मिळवलं आणि तात्यांनी ते आमच्या टँकरला बसवलं.

बसलं खरं, पण चढाला धापा टाकू लागलं. टर्बो हवा जोरानं आत ढकलतो, तेव्हा डिझेलही त्याच जोमानं पोचायला हवं. आमची जुनी नळी बारीक, तिला ते जमेना. तात्यांनी जाड नळी टाकली, दाब दाखवणारं घड्याळ केबिनमध्ये लावलं आणि जास्तीचं डिझेल टाकीत परत सोडणाऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग बदलून पाहिली. मग पाणी भरून आम्ही चढाला निघायचो. ते माझ्या शेजारी बसून काट्याकडे बघत. "पडला. फिरवा माघारी." असं कितीदा झालं. एकदा मात्र माथा आला तरी काटा हलला नाही. तात्यांनी टोपी काढून तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी भरला टँकर घेऊन आम्ही एका गावात गेलो. बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. डिझेलचा वास आला म्हणून तात्यांनी इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं आणि पुठ्ठा काढला. पंपाकडून, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोजलकडे जाणाऱ्या नळीला केसाएवढी चीर गेली होती. गावचे म्हातारे पोलीस पाटील कौतुकानं वाकले. "हितनं येतंय व्हय?" म्हणत त्यांनी हात पुढं केला. तात्यांनी तो हात झटकन बाजूला सारला. सारताना त्यांचा स्वतःचा पंजा चिरेसमोरून गेला.

डास चावल्यासारखा ठिपका होता. तात्यांनी तो विजारीला पुसला, नळी बदलली आणि पाणी वाटून होईपर्यंत सावलीत बसून राहिले. संध्याकाळी हात दगडासारखा टणक झाला. गावातल्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. सोलापूरला नेलं तोवर डिझेल आतल्या आत मनगटापर्यंत पसरलं होतं. उजवा हात मनगटाच्या वर कापावा लागला.

पाटील दवाखान्यात आले. तात्या बौद्ध. त्या गावात ते नेहमी स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचे. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. पाटलांनी खाटेजवळचा पेला उचलून त्यांच्या तोंडाला लावला. तात्यांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि ते पाणी प्यायले. "तुमचा हात ऱ्हायला न्हवं, पाटील? मग झालं."

घरी आल्यावर मी त्यांना म्हणालो, "तात्या, तुम्ही नुसतं सांगा, पाना मी फिरवतो." काही दिवस ते शेडमध्ये आलेही. एकदा मी स्प्रिंग आवळत होतो आणि ते सांगत होते, मध्येच थांबले. "ऱ्हाऊ द्या, ड्रायव्हर. किती आवळायचं ते हाताला कळतंय. तोंडानं सांगाया येत न्हाय." त्यानंतर शेड उघडलं नाही. ते आणि त्यांची बायको, आमच्या काकू, लेकीकडे तामलवाडीला गेले. एसटीत बसवून देताना मी त्यांची पिशवी वर ठेवली. त्यांनी मान खिडकीकडे वळवली ती गाडी सुटेपर्यंत तशीच.

पुढं पाऊस झाला आणि टँकर परत दुधाला लागला. तात्या वारल्याचं मला उशिरा कळलं. मी तामलवाडीला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. काकू ओट्यावर बसल्या होत्या.

"शेवटाला लई तरास झाला त्येंना," त्या म्हणाल्या. "नसलेला हात दुखायचा. मूठ आवळून आलीय, सोडव म्हणायचे."

"मग काय करायचात, काकू?"

"सोडवायची की. हात हुता तिथं, पांघरुणावर, एकेक बोट उघडल्यावानी करायची. अंगठा शेवटाला. मग त्येंचा डोळा लागायचा."